गाडी ओढत नाही तेव्हा: जुन्या कार्ब्युरेटर गाडीतील दोष कसा शोधावा

कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागावर) चालणारी जुनी मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी अजून ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना "गाडी ओढत नाही" ही तक्रार नवीन नाही. या तीन शब्दांत किमान चार वेगवेगळे दोष मावतात, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की बहुतेक वेळा पहिला पाना कार्ब्युरेटरला लागतो, तो उघडून, धुऊन, नवे किट घालून परत बसवला जातो, आणि चार दिवसांनी तक्रार पुन्हा जागच्या जागी असते. कारण दोष कित्येकदा कार्ब्युरेटरमध्ये नसून ठिणगीत, पेट्रोलच्या वाटेत किंवा इंजिनाच्या बाहेरच असतो. म्हणून काहीही उघडण्यापूर्वी दोष नेमका केव्हा दिसतो हे ठरवणे, हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

पहिला प्रकार असा की, ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर गाडी क्षणभर गप्प बसते आणि मग एकदम उचलते. दुसऱ्या प्रकारात सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, पण चढावर किंवा टॉप गिअरमध्ये जोर मागितला की गाडी झटके देते. मेकॅनिक यालाच "मिसिंग" म्हणतात. तिसऱ्या प्रकारात झटके मुळीच नसतात, इंजिन एकसारखे चालते, पण अंगात बळच नसते. चौथ्या प्रकारात गाडी सुरुवातीला उत्तम पळते, घाटाच्या मध्यावर किंवा वाहतुकीत अडकल्यावर मरगळते अथवा बंद पडते, आणि थोडा वेळ उभी ठेवली की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारात बसते, दोष थंड इंजिनात दिसतो की तापलेल्या, टाकी भरलेली असते की रिकामी, पेट्रोल कधी भरले होते, हे सर्व एका कागदावर लिहून काढावे. हा कागद हाती असेल तर मेकॅनिकशी होणारे बोलणेही वेगळ्या वळणाने जाते.

उंचीचा हिशेबही येथेच करून टाकावा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे आणि तेथील हवा मुंबईच्या मानाने अंदाजे १२ टक्के विरळ असते; तेवढीच ताकद कोणत्याही साध्या पेट्रोल इंजिनातून कमी होणार, शिवाय ठराविक जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या) कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण थोडे गडद, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, होणार. मुंबईत ठणठणीत असणारी ७९६ सीसीची गाडी चार माणसे आणि सामान घेऊन तिथे दुसऱ्या गिअरची मागणी करत असेल, तर तो दोष नव्हे.

इंजिनाकडे वळण्यापूर्वी

ताकद इंजिनात तयार होते, पण चाकांपर्यंत पोहोचत नाही, असेही घडते. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकट्याने ढकलून पाहावी. सहज सरकत नसेल, किंवा थोडे अंतर चालवल्यावर एखाद्या चाकाची रिम इतरांपेक्षा जास्त तापलेली लागत असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेट घसरते आहे. टायरमधील हवा पाहणे हे सांगण्याचीही गरज नसावी, पण सांगितलेले बरे.

यानंतर एअर फिल्टर काढून, इंजिन बंद असताना, दुसऱ्या माणसाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगावे आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत पाहावे. थ्रॉटलची चकती पूर्ण उभी झाली पाहिजे. जुन्या गाडीत केबल ताणली जाते, पेडलखाली जाड मॅट येते, आणि मालक वर्षभर तीन-चतुर्थांश ॲक्सिलरेटरवर गाडी चालवून "पिकअप गेले" म्हणत राहतो. दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर असेल तर दुसऱ्या नळीची चकती अडकलेली नाही ना, हेही बोटाने हलवून पाहावे. ती उघडत नसेल तर कमी वेगात काहीच कळत नाही आणि महामार्गावर मात्र गाडी एका ठराविक वेगापुढे जायचे नाव घेत नाही.

ठिणगी आधी, पेट्रोल नंतर

हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण ठिणगीच्या तपासण्या स्वस्त आहेत, त्यांत काहीही बिघडवण्याची भीती कमी आहे, आणि दुसऱ्या प्रकारचा दोष म्हणजे जोर दिल्यावर येणारे मिसिंग हे बहुतांशी येथूनच येते. जोर देताना सिलिंडरमधील दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. अशा वेळी कमजोर लीड (प्लगकडे जाणारी तार), तडा गेलेली डेल्कोची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप किंवा ठिणगीचे व्होल्टेज तयार करणारी थकलेली कॉइल साथ सोडते. आयडलिंगला हेच इंजिन घड्याळासारखे चालते आणि सगळ्यांची दिशाभूल करते.

सगळे प्लग काढून, कोणता कोणत्या सिलिंडरचा हे न विसरता, ओळीने मांडावेत. टोकावर बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग असेल तर तो सिलिंडर नीट जळतो आहे. कोरडी काळी काजळी गडद मिश्रण किंवा कमजोर ठिणगी सुचवते. ओलसर, तेलकट काळेपणा पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजल्याचे लक्षण आहे. पांढरट, भाजल्यासारखे टोक पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणाकडे बोट दाखवते. सगळे प्लग एकाच रंगाचे असतील तर कारण सामाईक आहे, म्हणजे कार्ब्युरेटर, कॉइल किंवा टायमिंग (ठिणगी उडण्याची वेळ). एकच वेगळा असेल तर त्या एका सिलिंडरचा प्लग, लीड किंवा व्हॉल्व्ह तपासावा.

नंतर इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची लीड इन्सुलेटेड पक्कडीने काढून पाहावी. काढलेली लीड मोकळी न ठेवता बॉडीला टेकवावी, कारण मोकळ्या लीडमुळे कॉइलवर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यास त्यावर विनाकारण ताण येतो. प्रत्येक लीड काढल्यावर इंजिन सारखेच लडबडले पाहिजे. तीन सिलिंडरच्या मारुतीत हा फरक फार ठळक कळतो. एखादी लीड काढल्यावर काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. पावसाळ्यात सकाळी मिसिंग जास्त असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडावे आणि चालू इंजिनाच्या लीडवर व कॅपवर पाण्याचा हलका फवारा मारावा. जिथे निळसर किरणे नाचताना दिसतात, तिथून करंट गळतो आहे. कॅपच्या आतल्या बाजूला पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती घासून साफ करण्याच्या भानगडीत न पडता कॅप बदलावी. या सर्व कामात सैल ओढणी, टाय आणि मोकळे केस पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवावेत.

पॉइंटवाल्या, म्हणजे डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या स्विचने ठिणगी पाडणाऱ्या, गाडीत तिसऱ्या प्रकारचा दोष, म्हणजे झटके न देता हळूहळू ओसरलेली ताकद, बऱ्याचदा पॉइंटच्या फटीतून येतो. पॉइंटची फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी लागते. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, आणि टायमिंग मागे सरकते. हे इतक्या सावकाश घडते की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. पाहुणा म्हणून आलेला मेव्हणा गाडी चालवतो आणि पहिल्याच चढावर विचारतो. फट फिलर गेजने लावल्यावर टायमिंग पुन्हा पाहणे अनिवार्य आहे, कारण एक हलले की दुसरे हलतेच. पॉइंटवर मोठे खड्डे पडले असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा आणि दोन्ही एकदम बदलावेत.

टायमिंग लाइट मिळाली तर व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून, आयडलिंगला खूण पाहावी आणि मग हळूहळू रेस वाढवावी. खूण सुरळीत पुढे सरकली पाहिजे. ती जागची हलत नसेल किंवा अडखळत असेल, तर डेल्कोच्या आतली ॲडव्हान्सची (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी) वजने गंजून अडकली आहेत, आणि अशा गाडीला चढावर कितीही ॲक्सिलरेटर दिला तरी उपयोग नसतो. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची तपासणी त्याहून सोपी आहे: इंजिन बंद असताना नळीतून तोंडाने हवा ओढावी आणि जिभेने नळीचे तोंड अडवावे. डेल्कोमधली प्लेट सरकून तशीच राहिली तर पडदा शाबूत आहे. लगेच मागे आली तर फाटला आहे. फाटलेला पडदा पहिल्या प्रकारचा दोष, म्हणजे पेडल दाबताच येणारी ती क्षणभराची स्तब्धता, हुबेहूब कार्ब्युरेटरच्या दोषासारखी निर्माण करतो.

पेट्रोलची वाट

ठिणगी निर्दोष ठरल्यावरच पेट्रोलकडे वळावे. जवळ अग्निशामक असावा, काम उघड्या जागी करावे, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडू देऊ नये.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीला निसर्गाने दिलेले सर्वांत चांगले तपासणीचे साधन म्हणजे चोक, म्हणजे हवा अडवून मिश्रण गडद करणारी झडप. इंजिन तापलेले असताना, दोष दिसत असतानाच, चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे एकतर पेट्रोल कमी येते आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे. गाडी आणखी बिघडली तर मिश्रण आधीच गडद आहे किंवा दोष मुळात ठिणगीचाच आहे. एवढ्या एका चाचणीने अर्धी शक्यता बाद होते, तरीही ती गॅरेजमध्ये क्वचितच केली जाते.

पेडल दाबताच गाडी गप्प बसत असेल तर, इंजिन बंद ठेवून, कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटल हाताने झटकन उघडावा. त्याच क्षणी पेट्रोलची बारीक पण जोरकस धार उडाली पाहिजे. धार उशिरा आली, नुसती ठिबकली किंवा आलीच नाही, तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा कडक झाला आहे किंवा त्याच्या वाटेत कचरा आहे. हा भाग स्वस्त आहे आणि त्यासाठी पूर्ण कार्ब्युरेटर बदलण्याची गरज नाही. येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा: मिश्रणाचा स्क्रू फिरवून चढावरची ताकद वाढत नाही. तो स्क्रू प्रामुख्याने आयडलिंगचे मिश्रण ठरवतो. जोर देताना पेट्रोल मुख्य जेटमधून येते, आणि त्यावर त्या स्क्रूचा अंमल नाही. "ट्यूनिंग करून दिले" या वाक्यात बहुतेक वेळा एवढाच स्क्रू असतो.

पेट्रोल पुरेसे येते का हे पाहण्यासाठी कार्ब्युरेटरकडे येणारी नळी काढून एका बाटलीत सोडावी, कॉइलचे कनेक्शन काढावे, आणि स्टार्टर थोडा वेळ फिरवावा. एसी पंपाच्या (इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोल पंपाच्या) प्रत्येक ठोक्याला भरघोस पेट्रोल आले पाहिजे. पिचकारी दुबळी असेल तर लगेच पंपाला दोष देऊ नये. आधी फिल्टर, मग रबरी नळ्या, मग टाकी असे मागे जावे. टाकीचे झाकण उघडताना आत हवा खेचली गेल्याचा मोठा आवाज येत असेल, तर हवा आत येण्याची वाट बुजली आहे, आणि पंपाला त्या पोकळीविरुद्ध पेट्रोल ओढावे लागते. जुन्या टाकीतला गंजाचा गाळ तळाच्या जाळीवर जमतो, गाडी थांबली की खाली बसतो आणि चालू झाली की पुन्हा जाळीला चिकटतो; म्हणून विश्रांतीनंतर सुधारणारी गाडी दिसली की टाकीचा विचार अवश्य करावा.

गेल्या काही वर्षांत या यादीत इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीस आले आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला एका भागास जिथे सुमारे १४.७ भाग हवा लागते, तिथे या मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. पण शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटच्या कार्ब्युरेटरला तो कळत नाही आणि मिश्रण पातळ होते. शिवाय इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते, नळीचा आतला थर सुटतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून बुजते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घेऊन बदलाव्यात, हा खर्च टाळू नये. इथेनॉल हवेतली आर्द्रताही ओढून घेते. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. अशी गाडी उभी ठेवायची असेल तर जुने पेट्रोल काढून टाकणे श्रेयस्कर.

मुख्य जेट एका मापाने मोठा करावा का, हा प्रश्न त्यामुळे वारंवार येतो. माझे मत असे की, प्लगची टोके पांढरट दिसत असतील आणि चोक ओढल्यावर गाडी सुधारत असेल तरच, आणि पंप, नळ्या व हवेची गळती हे सगळे तपासून झाल्यानंतरच तो बदलावा. पीयूसी केंद्रात मिळणारी पावती येथे उपयोगी पडते, पण आपण ती काचेला चिकटवून विसरतो. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मोठा असेल तर मिश्रण गडद आहे. तो अगदी कमी आणि हायड्रोकार्बनचा आकडा मात्र मोठा असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे मिसिंग आहे. पावती आयडलिंगची असते, चढावरची नव्हे, एवढी तिची मर्यादा ध्यानात ठेवावी.

हवेची गळती शोधण्यासाठी कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या पाइपाच्या) सांध्यांवर आणि व्हॅक्यूमच्या प्रत्येक नळीवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. जिथे पाणी आत ओढले जाते आणि आयडलिंग बदलते, तिथे गळती आहे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाशेजारी तसे करणे हा शुद्ध अविचार आहे.

सीएनजी किट बसवलेले असेल तर निदान आणखी सोपे होते. दोष फक्त पेट्रोलवर दिसत असेल तर कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलची वाट. दोन्ही इंधनांवर सारखाच दिसत असेल तर ठिणगी किंवा खुद्द इंजिन. सीएनजीवर थोडी ताकद कमी असणे स्वाभाविक आहे, आणि सीएनजीला ठिणगीही जास्त जोराची लागते, त्यामुळे फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तरी आधी प्लग आणि लीड पाहाव्यात.

घाटात मरणारी गाडी

चौथ्या प्रकाराची अडचण अशी की, गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष नाहीसा होतो. म्हणून चाचणी तिथेच, रस्त्याच्या कडेला, गाडी बंद पडल्याच्या पहिल्या दोन मिनिटांत करावी लागते. डिकीत एक जादा प्लग ठेवावा. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन एअर फिल्टर उघडावा आणि थ्रॉटल हाताने उघडून धार उडते का ते पाहावे; मग पेट्रोलच्या वाफा निवू देऊन, कार्ब्युरेटरपासून दूर, जादा प्लग एका लीडला लावून इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि स्टार्टर फिरवावा. धार आहे आणि ठिणगी नाही किंवा पिवळट, मरतुकडी आहे, तर तापल्यावर साथ सोडणारी कॉइल किंवा कंडेन्सर पकडला गेला. ठिणगी निळी, कडकडीत आहे आणि धार नाही, तर पेट्रोल पोहोचत नाही.

दुसऱ्या स्थितीत उन्हाळ्यात व्हेपर लॉकची शक्यता मोठी: एसी पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच दाबत बसतो. पंपावर ओले फडके टाकण्याचा पद्मिनीच्या चालकांचा जुना उपाय शास्त्रशुद्ध आहे, पण तो तात्पुरता. कायमच्या उपायासाठी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी, आणि पंप व इंजिन यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड तुकडा जागेवर आहे का ते पाहावे. मागच्या दुरुस्तीत तो काढून टाकल्याचे अनेकदा आढळते.

एवढे करूनही गाडी मंदच असेल

आता इंजिनाच्या आत पाहावे लागेल, तरीही ते खोलण्याची वेळ अजून आलेली नाही. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडले असता समुद्रसपाटीला आयडलिंगवर काटा साधारण १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर राहतो. उंचीच्या दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करावा, म्हणजे पुण्यात सुमारे दोन इंच कमी दिसणे ठीक. काटा ठराविक अंतराने दचकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रेस २५०० फेऱ्यांच्या आसपास धरून ठेवली असता काटा हळूहळू खाली घसरत गेला, तर सायलेन्सर आतून कोसळला आहे किंवा बुजला आहे. १९९५ पासून महानगरांत विकल्या गेलेल्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. दीर्घकाळ मिसिंग सोसलेल्या गाडीत तो न जळालेल्या पेट्रोलने वितळून वाट अडवतो, आणि मूळ मिसिंग दुरुस्त केल्यावरही गाडी मंदच राहते.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या फटीबद्दल, थोडे सावध राहावे. वाजणारा टॅपेट कान खातो, पण न वाजणारा टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते, आणि शिशाच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजून टॅपेटची फट कमी होते. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब गळतो. म्हणून "आवाज नाही म्हणजे ठीक आहे" असे न मानता फट मॅन्युअलप्रमाणे मोजूनच घ्यावी, आणि ती लावल्यानंतरच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहावे.

कॉम्प्रेशनच्या चाचणीत सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉइलचे कनेक्शन सुटे आणि बॅटरी चार्ज असली पाहिजे. यांतली एक गोष्ट चुकली तरी आकडे खोटे येतात. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असून तो १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. एखादा सिलिंडर कमी भरला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे: आकडा चढला तर रिंगा, न चढला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट. सगळेच सारख्या प्रमाणात कमी असतील तर मारुतीच्या मालकाने इंजिन उतरवायला होकार देण्यापूर्वी टायमिंग बेल्टचे कव्हर काढून खुणा जुळतात का ते स्वतः पाहावे, कारण बेल्ट एक दात सरकला तरी झिजलेल्या इंजिनासारखीच लक्षणे दिसतात.